आप्पांनी टाकलेला पासवर्ड

आधीच सांगते, भुताखेतांच्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. कोणी सांगायला लागलं की मी उठून चहा ठेवते. इथले अनुभव वाचून 'काहीतरी फेकतायत' असं मीच कितीदा म्हटलंय. आता माझी पाळी... हसा खुशाल.

आम्ही सुरतला, गोडादऱ्यात राहतो. मूळचे धुळ्याकडचे. घरी नवरा, तो सुरतजवळच्या सचिन गावात मिलमध्ये कामाला, मी घरूनच एका कंपनीचं कस्टमर केअर बघते, आणि सासूबाई. सासरे, म्हणजे आप्पा, गेल्या वर्षी गेले. जन्म कापडाच्या लूमवर काढलेला माणूस, पण घरात वायफाय आलं तसा त्याचा सगळा कारभार त्यांनी आपल्या हातात घेतला. पासवर्ड फक्त त्यांना ठाऊक. कोणी मागितला की म्हणायचे, "पासवर्ड सांगायचा नसतो. आण इकडे फोन." मग डाव्या तळहाताचा आडोसा करून एका बोटाने टाकून द्यायचे. पोटच्या मुलालासुद्धा सांगितला नाही! पण टाकून मात्र सगळ्यांना दिला — खालचे काका, वरची ओडिया पोरं, दूधवाला... अख्खी बिल्डिंग आमच्याच नेटवर.

आप्पा गेले, पासवर्डही त्यांच्याबरोबर गेला. त्यात माझ्या ऑफिसचा फतवा आला — घरचं वायफाय सुरक्षित करा, जुनं एन्क्रिप्शन चालणार नाही, नाहीतर घरून काम बंद. राउटर रीसेट करण्यावाचून इलाजच नव्हता.

सासूबाईंना सांगितलं तर त्यांचा चेहराच उतरला. "माझ्या फोनात त्यांनी त्यांच्या हातानं टाकलंय वं. ते जाईल का?"

"जाईल आई. पण मी नवीन टाकून देते ना."

"ते तुझं झालं. त्यांचं थोडीच?"

मला फार वाईट वाटलं. पण नोकरीही टिकवायची होती.

रविवारी सकाळी बसले. नेटवर्कचं नाव बदललं. पासवर्ड नवा — कॅपिटल, आकडे, चिन्हं, सगळं घालून मनातल्या मनात जुळवलेला. कुठे लिहिला नाही, नवऱ्यालाही सांगितला नाही. सिक्युरिटीत जुनं डब्ल्यूपीए-टू आणि नवं थ्री असा मिक्स पर्याय होता, तो सोडून फक्त थ्री ठेवलं. सासूबाईंचा फोन जुनाट, त्याला थ्री झेपत नाही. म्हणून त्यांच्यासाठी वेगळं गेस्ट नेटवर्क टू-वर करायचं ठरवलं होतं. ते चालू करण्याआधी त्यांचा फोन आणायला गेले.

सासूबाई गॅलरीत मेथी निवडत होत्या, आणि फोनवर समोर धुळ्याच्या मावशी. चक्क व्हिडिओ कॉल! "ये वं, बोल मावशीशी."

त्यांच्या फोनात रिचार्ज फक्त बोलण्यापुरतं, नेट नाहीच. मी फोन हातात घेतला. वर वायफायची खूण... आणि नेटवर्कचं नाव मी आत्ताच दिलेलं, नवं कोरं. मी पळत जाऊन राउटरचं सेटिंग पुन्हा बघितलं. फक्त थ्री. गेस्ट अजून बंदच.

माझा भाऊ नेटवर्किंगमध्ये आहे, पुण्याला; त्याला फोन लावला. म्हणाला, "ताई, तो फोन थ्रीला जोडलाच जाऊ शकत नाही. तू मिक्स ठेवलं असशील." स्क्रीनशॉट पाठवल्यावर म्हणे, "फोनमध्ये ते नेटवर्क फर्गेट करून परत जोडून बघ." मी बोट नेलं, तर सासूबाई श्वास रोखून माझ्याकडेच बघत होत्या.

"जोडेल शे ना? लागलंय ना ते? मग राहू दे ना वं माय."

मी राहू दिलं. मशीनच ते, करतं कधीकधी काहीही, अशी स्वतःची समजूत काढली आणि कामाला लागले.

पुढच्या महिन्यात सासूबाईंचा भाचा नंदुरबारहून आला. टेकला नाही तोच, "वहिनी, वायफायचा पासवर्ड?" माझे हात कळण्याच्या भाकरीच्या पिठात, एक भाकरी तव्यावर. म्हटलं, "थांबा भाऊजी, हात धुते."

"आण इकडे फोन," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी फोन घेतला, डाव्या तळहाताचा आडोसा केला, एका बोटाने सावकाश काहीतरी टाकलं आणि परत दिला.

"लागलं की!" भाचा म्हणाला.

अहो, त्यांना इंग्रजीचं एक अक्षर वाचता येत नाही. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. पण खरं सांगते, भीती नाही वाटली.

"आई, पासवर्ड कोणी सांगितला तुम्हाला?"

आप्पा गेल्यापासून पहिल्यांदा त्या मनापासून हसल्या. "पासवर्ड सांगायचा नसतो वं!"

तव्यावरची भाकरी करपली ती करपलीच. हे कसं झालं, मला आजही माहीत नाही. भाऊ म्हणतो, पासवर्ड बदलून बघ, म्हणजे काय ते कळेल. कळेल हो... पण मी तो बदलणार नाही.