मॅन्युएलचा जोड कोण पास करणार

मॅन्युएलने फक्त एक शब्द बोलायचा होता: चालेल. तो बोलला असता तर त्याचा मुलगा मॅक्सवेल एक ऑगस्टला मासेमारीची बंदी उठताच होडी समुद्रात घालणार होता. उत्तनच्या किनाऱ्यावर बाकीच्यांनी जाळी चढवली होती, बर्फाचा भाव ठरवून त्यावर भांडून घेतलं होतं. मॅक्सवेलची होडी मात्र मागच्या बाजूला भोक घेऊन उभी होती. पंख्याचा दांडा ज्या लोखंडी नळीतून होडीबाहेर जातो, ती नळी काढून शेजारच्या डोंगरी गावात, घरी आणलेली होती. तिच्या तोंडावरची चकती तडकली होती. मॅन्युएलने नवी चकती जोडून दिली, जुलैच्या वीस तारखेला, पडवीत, चार तास खपून.

जोड देखणा झाला होता. मॅन्युएल तो रोज सकाळी बघायचा, दुपारी बघायचा, आणि मध्ये काही काम निघालं तर ते टाकून बघायचा.

"पप्पा, लावू का?" मॅक्सवेल विचारायचा.

"मी कसा सांगू?"

"मंग कोण सांगणार? वेल्डिंग तूच केलंयस ना?"

"म्हणूनच."

मॅक्सवेलला यात बापाचा हट्ट दिसायचा. शेजाऱ्यांना म्हातारपण दिसायचं. वस्तुस्थिती अशी होती की मॅन्युएलने आयुष्यात एकदाही आपल्या जोडाला आपण पास म्हटलं नव्हतं, आणि सहासष्टाव्या वर्षी सुरुवात करायला त्याला हा जोड फार धोक्याचा वाटत होता. तो सुटला तर किनाऱ्यापासून कित्येक तासांवर पाणी आत येणार होतं, आणि होडीत मॅक्सवेलसकट पाच माणसं असणार होती.

ही सवय त्याला लागली ती पूर्व किनाऱ्यावरच्या एका गोदीत. तिथे तो एकोणीस वर्षं होता. देशाची पहिली अणुशक्तीवर चालणारी, क्षेपणास्त्रं वाहणारी पाणबुडी तिथे बनत होती. त्या प्रकल्पाचं सरकारी नाव 'प्रगत तंत्रज्ञान नौका' अशा अर्थाचं होतं. हे नाव ऐकून शत्रूचा हेर जांभई देऊन घरी जाईल, असा बहुधा हिशेब असावा. मॅन्युएल कवचाच्या जोडांवर होता. आतली अणुभट्टी त्याने पाहिली नाही, क्षेपणास्त्रं पाहिली नाहीत. पाहिलं ते एवढंच, की जाड पोलाद आधी तापवायचं, मग त्यावर पालथं पडून, छातीखाली गोणपाट घेऊन, रॉड चालवायचा. घाम डोळ्यांत गेला तरी हात थांबवायचा नाही.

आणि जोड झाला की तिथून निघून जायचं. हा तिथला नियम. ज्याने जोडलं त्याने तपासायचं नाही. मग किरणांनी जोडाची फिल्म काढली जायची आणि ती पंढरीनाथ नावाच्या तपासनिसाकडे जायची. पंढरीनाथ सोलापूरकडचा, म्हणजे तिथे मराठी बोलू शकणारा जवळपास एकटाच माणूस, आणि तोच बोलायचा नाही. फिल्म दिव्यासमोर धरायचा. बरी असेल तर खाली ठेवायचा. नसेल तर म्हणायचा, "काप." मोहरीएवढा हवेचा बुडबुडा पुरेसा असायचा. एका जोडाला मॅन्युएलने तीनदा कापलं होतं. चौथ्यांदा पंढरीनाथने फिल्म खाली ठेवली, तेव्हा मॅन्युएल बाहेर जाऊन दोन वडे जास्त खाऊन आला. त्या एकोणीस वर्षांतला त्याचा हा सर्वात मोठा समारंभ.

घरी त्याने सांगितलं होतं की साखर कारखान्याचे बॉयलर बनवतो. कागदावर सही केली होती, दुसरं काही सांगता येत नव्हतं. बायको पर्ल हिने पहिली काही वर्षं विश्वास ठेवला. नंतर विचारायला लागली, "इतके बॉयलर? तिकडची माणसं जेवणात भात घेतात का साखरच?" गावात त्याचं नाव बॉयलर पडलं. त्याची आई वारली तेव्हा त्याला दोन दिवस उशिरा कळलं, आणि मातीला तो नव्हताच. त्याबद्दल पर्लची बहीण अजून त्याच्याशी धड बोलत नाही. बॉयलर सोडून येता आलं नाही, हे कुणालाही पटण्यासारखं कारण नव्हतं, आणि मॅन्युएलपाशी दुसरं नव्हतं.

निवृत्त होऊन आल्यावर तो कामं करायचा, पण माणसाला पश्चात्ताप व्हावा अशा पद्धतीने. एका शेजाऱ्याच्या गेटची बिजागरी जोडायला त्याने तीन दिवस घेतले. रॉडला दमट हवा लागलेली चालत नाही म्हणून ते पर्लच्या ओव्हनमध्ये तापवून घेतले. पर्ल त्या ओव्हनमध्ये नाताळचे केक करते, ऑर्डरचे. त्या वर्षी मीरा रोडच्या एका बाईने फोन करून कळवलं होतं की केक छान आहे, फक्त नट-बोल्टच्या दुकानात बसून खाल्ल्यासारखं वाटतं.

तर पंचवीस जुलैला मॅन्युएलने नळी जुन्या चादरीत गुंडाळली आणि बसमध्ये बसला. कंडक्टरने चादरीकडे बघून विचारलं, "काका, लगेज हाय का बाळ?"

"पेशंट हाय," मॅन्युएल म्हणाला. तो विनोद करत नव्हता.

भाईंदरच्या जेसल पार्कात एक एक्स-रे काढण्याचं केंद्र आहे. काउंटरवर रोशन नावाचा तरुण टेक्निशियन होता. त्याने फॉर्म पुढे ओढला.

"पेशंटचं नाव?"

मॅन्युएलने चादर उघडली.

रोशनने नळीकडे पाहिलं, मॅन्युएलकडे पाहिलं, आणि आत्तापर्यंत मराठीत बोलत होता तो हिंदीत गेला. "अंकल, ये क्या है?"

"जोड बघायचाय. इथे, चकतीच्या मुळाशी. तीन बाजूंनी तीन फिल्म."

"अंकल, ये मशीन हड्डी के लिए है. लोहे में कुछ नहीं दिखेगा. पूरा सफेद आयेगा."

मॅन्युएलला हे रोशनपेक्षा जास्त माहीत होतं. किती जाडीला किती ताकदीचे किरण लागतात हे तो झोपेतून उठवलं तरी सांगू शकला असता. तरी तो दोन बस बदलून आला होता. पाच दिवसांत माणसाचं काय होतं ते यावरून कळावं.

"तू बघून नुसता सांग," तो म्हणाला. "वरून कसा दिसतो?"

"अच्छा है ना."

"अच्छा म्हणजे पास?"

रोशनच्या मागे गुडघेदुखीच्या चार बायका खोळंबल्या होत्या. "अंकल," तो म्हणाला, "डॉक्टर की चिट्ठी लाओ." आणि मॅन्युएल खरोखर क्षणभर विचारात पडला, की कुठला डॉक्टर देईल.

तो परत आला तेव्हा मॅक्सवेल पडवीत वाट बघत उभा होता. नळी एक्स-रेला नेल्याची बातमी बसच्या आधी गावात पोचली होती.

"पप्पा, बस झाला. उद्या मी वरसाव्याला नेतो. पुलाजवळ चंदनचं दुकान हाय, तो बघेल."

"चंदन खिडक्यांच्या ग्रिल करतो."

"तो निदान हो तरी बोलतो!"

"तो सगळ्याच गोष्टींना हो बोलतो. म्हणून तर त्याला नको दाखवूस."

"मग तुला पायजेल काय? मी जाऊच नये?" मॅक्सवेलचा आवाज चढला. "सरळ बोल ना. तुला तुझ्याच हातावर भरवसा न्हाय."

"न्हाय," मॅन्युएल म्हणाला. "कुणीच ठेवू नये."

एवढ्यात पर्ल बाहेर आली. तिच्या हातात बोंबलाची परडी होती आणि तोंडावर दुपारची झोप मोडल्याची नाराजी. "काय कालवा चाललाय? कुणी बघायचं एवढंच ना? मी बघते."

मॅक्सवेल हसला. "मम्मी, तुला वेल्डिंगमधलं काय कळतं?"

"तुझ्या बापाला माशातलं काय कळतं? तरी आयुष्यभर खातोय ना."

मॅन्युएल मात्र हसला नाही. तो बायकोकडे बघत राहिला. पर्लने चाळीस वर्षं मासळी विकली होती. भाईंदरच्या बाजारात ती समोरच्या टोपलीतला शिळा सरंगा चार पावलांवरून ओळखायची आणि नात्याची भीड न ठेवता सांगायची. डोळा होता, आणि भीड नव्हती. पंढरीनाथकडेही यापेक्षा जास्त काही नव्हतं.

तो आत जाऊन खडूची पूड घेऊन आला. नातीच्या दप्तरातले तीन खडू त्यात गेले. ती पाण्यात कालवून त्याने जोडावर बाहेरून पांढरा लेप दिला आणि पंख्यासमोर वाळवला. मग नळी उभी करून आतून जोडावर होडीचं डिझेल सोडलं.

"आता?" पर्लने विचारलं.

"आता बघत राहायचं. पांढऱ्यावर डाग आला तर डिझेलने वाट काढली. जिथून डिझेल जातं, तिथून पाणी जातं. मी मागे विहिरीकडे जातो. मी इथे थांबायचं नसतं."

"किती वेळ?"

"तू म्हणशील तोवर."

पर्ल स्टूल घेऊन बसली. जरा वेळाने तिने आवाज दिला, "मॅन्युएल, साखरेच्या बॉयलरला पण एवढं करत होते?"

विहिरीच्या मागे बादली आपटली.

"मला ठाव हाय रे. मागे एका जुलैत टीव्हीवर ती पाणबुडी दाखवली, तर तू जेवता जेवता उठून उभा राहिलास. बॉयलर बघून कोण उभा राहतो?"

"मी काय बोललो न्हाय," विहिरीमागून आवाज आला.

"न्हाय बोललास. मी विचारतही न्हाय. फक्त तुझ्या आईच्या मातीला का न्हाय आलास ते माझ्या बहिणीला एकदा सांगीन म्हणते. बाकीचं, कुठे सही करून बसला असशील, तिच्याखाली झाकून ठेव."

यावर मॅन्युएल काय बोलला असता कळायला मार्ग नाही, कारण पर्ल स्टुलावरून उठली होती. ती नळीवर वाकली. डोळे बारीक केले. पदराने हात पुसला आणि बोट ठेवलं.

"इकडे ये. हा न्हाय चालायचा."

पांढऱ्या लेपावर, खालच्या अंगाला, तांदळाएवढा करडा ठिपका उमटला होता.

मॅक्सवेल म्हणाला की ती घाण असेल. पर्ल म्हणाली की घाण पसरत नाही, हा पसरतोय. तेवढ्यात तो दोन तांदळांएवढा झाला. मॅक्सवेल खाली बसला. हीच नळी लावण्यासाठी तो इतके दिवस भांडत होता, हे त्याच्या आता लक्षात आलं असावं.

मॅन्युएलने ठिपका पाहिला आणि पाच दिवसांत पहिल्यांदा त्याची मान सैल झाली. तो ग्राइंडर आणायला गेला तेव्हा जवळजवळ धावत होता.

जोड कापला, पुन्हा भरला. रॉड ओव्हनमध्ये गेले, पर्लनेच दार उघडून दिलं. दुसऱ्यांदाही एका जागी तिला संशय आला. तिसऱ्यांदा ती दुपारभर बसली, मध्ये नुसती बोंबील उलटायला उठली, तेही मॅक्सवेलला नळीपाशी बसवून. संध्याकाळी तिने होकारार्थी मान हलवली. मॅन्युएलने वहीचं पान पुढे केलं, तारीख घातलेलं.

"सही?"

"सही लागते," मॅन्युएल म्हणाला. "आता तो माझा न्हाय."

एक ऑगस्ट हुकला. बाकीच्या होड्या गेल्या त्या दिवशी मॅक्सवेल नळी बसवत होता आणि किनाऱ्यावरून जाणारे-येणारे बॉयलरची चौकशी करत होते. तीन तारखेला होडी गेली.

मॅन्युएल घरी येऊन पोटभर जेवला आणि झोपला. पर्लला काही झोप लागली नाही. ती दुपारी किनाऱ्यावर जाऊन आली, पुन्हा गेली, केकची ऑर्डर नाकारली. "मी पास केलाय ना तो," एवढंच म्हणाली.

मॅन्युएलने तिला चहा करून दिला. पंढरीनाथला इतकी वर्षं कुणी चहा करून दिला होता का, हा प्रश्न त्याला पहिल्यांदाच पडला.

सहा तारखेला होडी फोनच्या टप्प्यात आली. फोन पर्लनेच ओढून घेतला.

"मम्मी, मासळी बरी हाय."

"मासळी मरू दे. नळीपाशी पाणी हाय का?"

"न्हाय. कोरडं हाय."

"कोरडं म्हणजे किती कोरडं? फडका लाव. लावलास? दाबून लाव. आता तो फडका फोनसमोर धर आणि फोटो पाठव."