रेणूचा फायनल काउंट

गोरक्षनाथ जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणे कंपनीत बी उगवतं की नाही ते तपासतो. ओल्या कागदावर कपाशीचे दाणे मांडायचे, कागदाची गुंडाळी करून उबदार कपाटात ठेवायची आणि बारा दिवस वाट बघायची. चौथ्या दिवशी पहिली मोजणी, बाराव्या दिवशी शेवटची. तिला सगळे फायनल काउंट म्हणतात. त्याआधी प्रत्यक्ष मालक समोर उभा राहिला तरी गोरक्षनाथ सही करत नाही. असा धीराचा माणूस घरी सोळा वर्षांच्या लेकीपुढे मात्र अर्धा मिनिटही टिकत नव्हता.

रेणू सुट्टीच्या दिवशी दहापर्यंत झोपायची आणि उठली की दार लावून घ्यायची. काय झालं विचारलं तर काही नाही म्हणायची. बरं, म्हणून गप्प बसलं तर रडायची. एकदा तिघी मैत्रिणी एका स्कूटीवर भोकरदन नाक्यावरून निघाल्या होत्या. तिथे गोरक्षनाथच चहा पीत उभा. बापाला बघून स्कूटी चालवणाऱ्या रेणूने ब्रेक दाबायचा सोडून वेग वाढवला.

गोरक्षनाथच्या आईचा, गोपिकाबाईचा जन्म मेंढरांमागे गेला. मेंढीचा ओठ उचलून ती वय सांगते, आणि नातीकडेही ती साधारण त्याच नजरेने बघते. पोरगी हाताबाहेर चालली, टेंभुर्णीचं स्थळ चांगलं आहे, आत्ता नुसतं बोलून ठेवू, लग्न अठरा भरल्यावर, असं तिने ठरवून टाकलं. स्कूटीचा राग डोक्यात होताच. गोरक्षनाथ म्हणाला, रविवारी बोलवा. रेणूला शेतकी कॉलेजात शिकायचं होतं. तसं तिने सांगितलंही होतं, पण बंद दाराच्या आतून.

गुरुवारी रेणूच्या ज्युनियर कॉलेजात पालकसभा झाली. अक्षता मॅडमनी सांगितलं की या वयात मेंदूचा हौसेचा आणि भावनेचा भाग आधी जोर धरतो. कपाळामागचा, थांबून विचार करणारा भाग सगळ्यांत शेवटी तयार होतो, पार पंचविशीपर्यंत. सोबती बरोबर असले की धाडस आणखी वाढतं. झोपेचं घड्याळही पुढे सरकतं, ते सोंग नसतं. बाकीचे पालक मोबाईल बघत होते. गोरक्षनाथ मात्र हरखला, कारण ही तर त्याच्या रोजच्या कामाची भाषा होती.

घरी येऊन त्याने नवी वही काढली आणि बियाण्याच्या प्रत्येक लॉटची नोंद करतात तसं पहिल्या पानावर लिहिलं, 'लॉट: रेणू'. बायकोला, शालूला बजावलं की सुट्टीच्या दिवशी दहाच्या आत पोरीला हाक मारायची नाही. माझ्या झोपेचं घड्याळ कोण बघणार, असं शालूने विचारलं. त्याबद्दल मॅडम काही बोलल्या नव्हत्या.

शुक्रवारी रेणूने जेवणाचं ताट सरकवलं. त्याने नोंद केली, 'पहिली मोजणी: रोप वाकडं', आणि वही फ्रीजवर ठेवली. शनिवारी ती रेणूच्या हाती लागली. ती रडली नाही, दारही आपटलं नाही. वही त्याच्यापुढे ठेवून म्हणाली, "पप्पा, चौथ्या दिवशी रोप वाकडं वाटलं तर फेकून देता का?"

"न्हाई. शंका असली तर बाराव्या दिवसापर्यंत ठेवतो."

"मंग माझा निकाल उद्याच कसा लावून राह्यले?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत गोरक्षनाथला कुणी असं पकडलं नव्हतं.

रविवारी पाव्हणे नऊलाच हजर झाले. रेणू झोपलेली. तिला उठवायला निघालेल्या गोपिकाबाईला गोरक्षनाथने अडवलं. पोरीचं घड्याळ पुढे सरकलंय, असं तो सांगू लागला, तशी पाव्हण्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग त्याने लाज सोडली आणि मेंदूच्या पुढच्या भागापासून मागच्या भागापर्यंत सगळं ऐकवलं. शेवटी म्हणाला, "फायनल काउंट पंचविसाव्या वर्षी. त्याच्या आधी मी सही करत न्हाई."

गोपिकाबाई चिडली. तुझं एकोणिसाव्या वर्षी उरकलं, काय बिघडलं, म्हणाली. गोरक्षनाथला आपला मांडव आठवला. पलीकडच्या मैदानात क्रिकेट चाललं होतं आणि बाशिंग बांधलेला तो, किती रन झाले ते कान देऊन ऐकत होता.

"माय, मला कुणी इचारलंच न्हाई," तो हळूच म्हणाला. "हिला इचारीन."

शालूने न सांगता त्याच्यापुढे दुसरा चहा ठेवला. लग्नात ती अठराची होती. पाव्हणे पोहे संपवून गेले.

रात्री झोपण्याआधी त्याने वहीतली 'रोप वाकडं' ही नोंद खोडली आणि लिहिलं, 'बी जिवंत. वेळ द्यावा.' सोमवारी कामावर निघताना पाहिलं, तर खाली रेणूचं अक्षर होतं.

'लॉट: पप्पा. वय चव्वेचाळीस. साल फार जाड, पाणी आत जायला लई दिवस लागले. कालच मोड आला.'