अण्णांची भूक

अण्णांना भूक लागायची, हेच सगळ्यात वाईट होतं. भूक मेली असती तर निदान जेवणाचा विषय तरी टळला असता. पण जेवले की अर्ध्या तासात पोटात असा पिळा पडायचा, की साऱ्या गावाला दरडावणारे माझे वडील गुडघे पोटाशी घेऊन भिंतीकडं तोंड करायचे. पुढं पुढं तर ताट बघूनच भ्यायला लागले. सदरा अंगावर खुंटीला अडकवल्यागत लोंबायला लागला.

मग काय, जो तो वैद्य! कुणी ओवा सांगितला, कुणी म्हणालं, बाहेरचं बघा. आईनं बेंबीवर अंगठा दाबला. बेंबी सरकली की तिथला ठोका बाजूला लागतो म्हणतात. "जागच्या जागी हाय की वं," ती म्हणाली, आणि आम्ही निर्धास्त झालो.

तो ठोका महाधमनीचा, हे सोलापुरात पोटाचा स्कॅन झाल्यावर कळलं. काळजापासून निघालेली ही मोठी रक्तवाहिनी पोटातनं खाली जाते. तिला पुढून तीन फाटे फुटतात, एक जठर आणि यकृताला, दोन आतड्यांना. घास पोटात गेला की आतड्यांना जास्त रक्त लागतं. अण्णांचे दोन फाटे बुजले होते, तिसरा निम्मा. पाटाला पाणी धो धो आणि वाफे कोरडे. डॉक्टर त्या वाहिनीत नळी घालून वाट मोकळी करायला गेले, जमलं नाही. मोठं ऑपरेशन त्यांच्या काळजाला झेपणार नव्हतं. "थोडं थोडं खाऊ घाला," डॉक्टर म्हणाले. एवढंच? असा राग आला मला! पण त्यांचा तरी काय दोष.

मग येळवस, मार्गशीर्षातली वेळा अमावास्या आली. त्या दिवशी आमच्याकडं रानात जेवायचं, वाटंनं जाणाऱ्यालाही ओढून बसवायचं. जळकोटच्या शिवारात अण्णा चादर गुंडाळून बसले आणि हाका मारायला लागले, "अरं, दोन घास खाऊन जा!" पाहुणे म्हणायचे, "अण्णा, तुमी बी घ्या की." "माझं झालं आधीच." कुठलं झालं! सकाळपास्नं घोटभर ताकावर होते.

पंगत उठल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं.

"पोरी, लई भूक लागलीया. वाढ."

"अण्णा, दुखंल तुम्हाला."

"दुखू दे. तू निस्ती इथं बस."

मी बाजरीचा अर्धा उकडलेला उंडा आणि ओल्या दाण्यांची, पालेभाज्यांची घट्ट भज्जी वाढली. त्यांनी चवीनं खाल्लं, बोटं चाटली. मग ताट बाजूला सारून माझा हात धरला, आणि आम्ही दोघं पोट दुखायची वाट बघत बसलो.