नुसतं 'मुळे' चालत नाही

मेहरूण भागातल्या सबाला स्पॅनिश येतं, ही गोष्ट गल्लीत कुणी फारशी मनावर घेतली नव्हती. वडील नासीरभाई कूलर दुरुस्त करत. मुलगी पुण्याला मावशीकडे राहून कसलीशी परकी भाषा शिकून आली, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

मग यावलच्या लीलाधरभाऊंना तिची गरज पडली. भाऊंचं केळीचं पॅकिंग हाउस. हिरवा माल आखातात जायचा. केळी कशी धुवायची, किती गार ठेवायची, हे सांगायला त्यांनी इक्वेडोरच्या मार्ताबाई नेमल्या होत्या. बाई व्हिडिओ कॉलवर स्पॅनिशमध्ये बोलत, सबा त्याचं मराठी करी. सगळं सुरळीत होतं.

सणाच्या चार सुट्ट्या संपल्या त्या सकाळी शीतगृहातला माल निघायच्या आधीच पिवळा झालेला दिसला. भाऊ तडक कॅमेऱ्यासमोर बसले.

"बाईंना सांग, हे त्यांच्या सल्ल्यामुळे झालं."

सबा अडकली. 'तुमच्यामुळे पास झालो' आणि 'तुमच्यामुळे नापास झालो', मराठीत दोन्हीकडे 'मुळे' तेच. स्पॅनिशमध्ये चांगल्याला 'ग्रासियास आ', म्हणजे कृपेने. वाईटाला 'पोर कुल्पा दे', म्हणजे दोषाने. घाईत तिच्या तोंडून पहिलं निघून गेलं.

आपल्या कृपेने केळी पिवळी झाली, हे ऐकून मार्ताबाईंनी चष्मा काढला. "कृपेने की दोषाने?" त्यांनी विचारलं.

सबाने तो प्रश्न भाऊंपुढे ठेवला.

"मुळे गं! साधं मुळे!"

"साधा शब्दही आहे भाऊ, पण आता त्यांनीच विचारलंय. दोष म्हणू?"

भाऊंच्या मागे शीतगृह सांभाळणारा चुडामण उभा होता, तो फरशी बघू लागला. सुट्ट्या लागल्या त्या संध्याकाळी चुडामण घरी गेल्यावर भाऊंनी व्याह्यांना शीतगृह हिंडून दाखवलं होतं. सुट्ट्या संपल्यावर दार सताड उघडं सापडलं.

"दोष नको," भाऊ म्हणाले. "दार उघडं राहिलं म्हण."

हे सोपं होतं. दार आपणहून उघडं राहिलं, असं स्पॅनिशमध्येही म्हणता येतं. फक्त तिथे मध्ये एक छोटा 'नोस' बसवला, की ते 'आमच्या हातून' राहिलं असं होतं. मघाची चूक मनाला लागली होती म्हणून असेल, सबाने तो बसवला.

"होतं असं," मार्ताबाई म्हणाल्या, आणि दाराला आपोआप लोटणारी स्प्रिंग लावायला सांगून त्या पुढच्या विषयाकडे वळल्या.

कॉल बंद झाल्यावर भाऊंनी विचारलं, "तू मध्ये काहीतरी जास्तीचं बोललीस."

"दार आमच्या हातून राहिलं, असं मी म्हणाले."

"आमच्या म्हणजे कोणाच्या?"

"सगळ्यांच्या, भाऊ. माझ्यासुद्धा."

ती तर त्या संध्याकाळी तिथे नव्हतीच. भाऊंनी जरा विचार केला.

"बठ्ठे ना, सगळेच? मग चालेल."

त्यांनी चुडामणला स्प्रिंग आणायला पिटाळलं. पिवळी केळी दुपारीच यावलच्या बाजारात गेली. सबाला दोन फण्या मिळाल्या. एक तिने बसमध्ये शेजारच्या बाईला दिली, कारण दोन्ही मांडीवर मावत नव्हत्या.