कॉर्क, अठ्ठेचाळीस तासांत

नरेंद्र तुळपुळेला आयर्लंडमध्ये येऊन अकरा वर्षं झाली, आणि या अकरा वर्षांत त्याने एकही ठिकाण पाहिलेलं नाही. तो ठिकाणं उरकतो. राजधानीजवळ डून लेरीला आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतो, ग्रँड कॅनाल डॉकच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतो, आणि उरलेल्या वेळात आम्हा मराठी मंडळींच्या. ग्रुपवर कुणी 'वीकेंडला कुठे जावं?' एवढं विचारायचा अवकाश, पाचव्या मिनिटाला याची फाइल येऊन पडते.

त्यातली सगळ्यात गाजलेली फाइल म्हणजे 'कॉर्क, अठ्ठेचाळीस तासांत'. दक्षिणेचं हे शहर गाण्याबजावण्यासाठी नावाजलेलं. ऑक्टोबरच्या लाँग वीकेंडला तिथे जॅझचा महोत्सव असतो, आणि एरवीही पबच्या कोपऱ्यात कुणीतरी फिडल, म्हणजे व्हायोलिन, घेऊन बसलेलं सापडतंच. नरेंद्रची फाइल नऊ पानांची. 'इंग्लिश मार्केट: पंचवीस मिनिटं. शाकाहारींनी माशांच्या बाजूने जाऊ नये. चीज चाखायला मागता येतं, पण एकाच स्टॉलवर दोनदा नको.' 'ब्लॅक पुडिंग: नावावर जाऊ नका.' हे पुडिंग म्हणजे डुकराच्या रक्ताचं सॉसेज; या ओळीमागे त्याचा स्वतःचा एक दुःखद नाश्ता आहे, तो विषय त्याच्यासमोर काढायचा नाही. 'नाइटलाइफ: पबमध्ये साडेसहालाच शिरावं. खुर्च्यांवर जॅकेटं टाकून जागा धरावी. ऑरेंज ज्यूस पुरवून प्यावा. दर पबला चाळीस मिनिटं.' तिथे वाजवतात काय, याबद्दल नऊ पानांत चकार शब्द नाही. टॉयलेटबद्दल मात्र दीड पान आहे.

गेल्या ऑक्टोबरमध्ये आम्ही अकरा जण या फाइलच्या हवाली झालो. मी दुसरी गाडी चालवायला म्हणून गेले, पण खरं कारण अलकनंदाकाकू.

काकू म्हणजे नरेंद्रची आई. साताऱ्याच्या मुलींच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं गाणं शिकवलं. बोलतानासुद्धा त्यांची बोटं मांडीवर पेटी वाजवत असतात. इकडे तीन महिन्यांसाठी येताना त्यांनी आपली छोटी पेटी बांधून ठेवली होती. नरेंद्रने व्हिडिओ कॉलवर बॅगांचं वजन बघितलं, पेटी बाहेर काढायला लावली आणि त्या जागी चकलीची भाजणी, मेतकूट आणि दोन किलो पोहे भरायला सांगितले. इथे आल्यावर त्या स्वयंपाक करताना गुणगुणल्या, तर म्हणाला, "आई, इथे भिंती पातळ असतात." खालच्या मजल्यावर मी राहते. मी कधी तक्रार केली नव्हती. उलट मी गॅस बारीक करून ऐकत असे, आणि एक दिवस ते बंद झालं.

गुरुवारी त्यांचं परतीचं विमान होतं. गाडीत त्या मला म्हणाल्या, "भार्गवी, तीन महिन्यांत एक सूर हाताला लागला नाही गं. गाण्याचं गाव आहे म्हणतात, तर निदान एक तास कुठे स्वस्थ बसायला मिळू दे." एवढंच मागणं होतं त्यांचं.

शनिवारी संध्याकाळी पहिल्या पबमध्ये ते मिळतंय असं वाटलं. आमची जॅकेटं खुर्च्यांवर पडली, अकरा ज्यूस आले. कोपऱ्यात एक म्हातारे गृहस्थ फिडल वाजवत होते, शेजारी एक मुलगी बासरी. काकू खुर्ची ओढून पार त्यांच्या गुडघ्याशी जाऊन बसल्या. पाचव्या मिनिटाला त्यांचा हात ताल धरू लागला. म्हाताऱ्यांनी ते पाहिलं, मान हलवली आणि पुढची गत त्यांच्याकडे बघतच सुरू केली. चाळिसाव्या मिनिटाला नरेंद्रने गत चालू असताना आईच्या खांद्यावर जॅकेट टाकलं.

"नरू, एवढं संपू दे."

"आई, हे लोक संपवत नाहीत. एकातून दुसरं काढतात. पुढच्या पबला जागा जाईल."

पुढच्या पबला जागा मिळाली. तिथे गाणं नव्हतं, फुटबॉलची मॅच होती. नरेंद्र म्हणाला, "ग्रँड!" तो प्रत्येक गोष्टीला ग्रँड म्हणतो. त्याची बायको निवेदिता खिडकीबाहेर बघत होती, अकरा वर्षं बघत आली असावी तशी.

रविवारी दुपारी शँडन. टेकडीवरचं जुनं चर्च, त्याचा मनोरा आणि मनोऱ्यात आठ घंटा. तिथली गंमत अशी की पहिल्या मजल्यावर आठ दोऱ्या लोंबतात आणि येणारा कुणीही त्या ओढून घंटा वाजवू शकतो. शेजारी कार्डं ठेवलेली असतात, त्यांवर नुसते आकडे. आकडे बघत दोऱ्या ओढायच्या, की कुठलंतरी सोपं गाणं गावभर ऐकू जातं. वर, घंटांच्या अगदी जवळून, गच्चीवर जायचा अरुंद जिना आहे. आवाज फार म्हणून चढणाऱ्यांना कानांवर घालायला जाडजूड हेडफोन देतात.

नरेंद्रच्या फाइलीत लिहिलं होतं, 'शँडन: वीस मिनिटं. दोऱ्यांपाशी वेळ घालवू नये, खरा व्ह्यू वर आहे.' त्याने सगळ्यांच्या कानांवर हेडफोन चढवले आणि पलटण घेऊन वर गेला. काकूंचे गुडघे वरच्या जिन्याला तयार नव्हते. त्यांच्या सोबतीला मी दोऱ्यांपाशी थांबले.

वरची पावलं वाजेनाशी झाली तशा काकू उठल्या. त्यांनी एकेक दोरी हलकेच ओढून पाहिली. आठवी ओढली आणि म्हणाल्या, "हा सा." मग उलट मोजत पहिलीपर्यंत आल्या. "आणि हा वरचा. सगळे शुद्ध आहेत गं! भार्गवी, पाच नंबरला आणि दोन नंबरला आज सुट्टी." म्हणजे मध्यम आणि निषाद वगळले. पदर खोचला आणि त्यांनी भूप सुरू केला.

मला गाण्यातलं फार कळत नाही. पण तीन महिने दाबून ठेवलेलं माणूस जेव्हा अडीच-तीनशे वर्षांच्या घंटा वाजवतं, तेव्हा कळावं लागत नाही. आधी स्वर चाचपडले, एक दोरी उशिरा उतरली, काकू स्वतःशीच "श्श" म्हणाल्या. मग हात बसला. खिडकीतून खाली पाहिलं, तर रस्त्यातली माणसं थांबली होती. कुत्रा घेऊन चाललेली एक बाई मान वर करून उभी होती. तिकिटं देणारा माणूस आत आला, कार्ड बघितलं, काकूंकडे बघितलं, आणि मला विचारलं, "हे कार्डावर नाही, नाही का?" मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "मग थांबवू नका त्यांना." आणि दाराला टेकून ऐकत उभा राहिला. माझे डोळे भरून आले. फोन खिशात होता, तो काढायचं भान मला राहिलं नाही, याबद्दल मी स्वतःला अजून शिव्या घालते.

काकूंनी दोऱ्या सोडल्या तेव्हा त्यांचे तळवे लाल झाले होते. "माझं नाव नको सांगूस नरूला," त्या म्हणाल्या, "त्याने ओळखलं असेल. लहानपणी रोज पहाटे हेच ऐकून उठायचा."

पलटण खाली आली. नरेंद्रने हेडफोन काढले, घड्याळ पाहिलं. "बावीस मिनिटं. ग्रँड. चला."

रात्रीचं जेवण अर्थातच इंडियन रेस्टॉरंटमध्ये. फाइलीत आयरिश खाण्यावर दोन पानं आहेत, ती दुसऱ्यांसाठी. पनीर आल्यावर नरेंद्रने फोन पाण्याच्या बाटलीला टेकवला आणि गच्चीवर काढलेला व्हिडिओ सगळ्यांना दाखवला. नदी, छपरं, ढग, आणि पाठीमागे कुठलंतरी तयार जॅझ.

काकू पुढे वाकल्या. "आणि घंटा रे?"

"त्या काढून टाकल्या, आई. खाली कुणीतरी सारखं ठणाठणा वाजवत होतं, अख्ख्या व्हिडिओभर. कार्ड सोडून भलतंच काहीतरी. आवाज काढला आणि हे म्युझिक टाकलं. भारी ना?"

"आधीचा असेल ना ठेवलेला?"

"डिलीट केला. फोन फुल झाला होता." फोन कशाने भरला होता ते मी पाहिलं होतं. दुकानांच्या वेळांच्या पाट्यांचे फोटो.

मला राहवलं नाही. "ते कुणीतरी म्हणजे काकू होत्या, नरेंद्र. त्या भूप वाजवत होत्या. रस्त्यातले लोक थांबून ऐकत होते. अख्ख्या कॉर्कने ऐकलं, तू सोडून."

निवेदिताने पहिल्यांदाच नवऱ्याकडे नीट पाहिलं. नरेंद्रचे कान लाल झाले. आणि मग त्याने तेच केलं जे त्याला येतं. फोन उचलला, फाइल उघडली, अंगठा वरखाली केला.

"उद्या सकाळी जमेल, आई. दहा-दहा ते दहा-वीस. मी वर नाही जाणार, खालीच थांबतो. तू परत वाजव, मी नीट रेकॉर्ड करतो."

काकूंनी पनीरची वाटी त्याच्याकडे सरकवली. आवाज अगदी साधा होता, शाळेत चुकलेल्या मुलीशी बोलताना असेल तसा.

"माझं वाजवून झालं, नरू. ऐकायचं तुझं राहिलं."