नारळच पडला ना

आपल्या वाडीतले नारळ काढणारे काका आठवतात ना? बोईसरकडच्या ताडीत हल्ली गुंगीची पावडर मिसळतात आणि काकांना तीच लागते. ती सुटावी म्हणून मी उमरोळीहून बिनभेसळीची ताडी आणवली. ते आठवडाभर तीच प्यायले. मग एका सकाळी माडाखाली त्यांच्या हातात कोयता ठरेना.

"बाई, तुमची ताडी गोड हाय, पण हात थांबत नाय," ते हसून म्हणाले. "पावडरवाली घेऊन येतो."

परतले तेव्हा हात स्थिर होते, पण नजर कुठेच ठरत नव्हती. मी त्यांना चढू दिलं नाही.

आता ते शेजारच्या वाडीत चढतात. तिकडून धप्प आवाज आला, की मी कुंपणापाशी जाऊन बघते, नारळच पडला ना.