दारात आडवी टाकलेली चटई

सोलापुरात राहून मी हीटर लावलेल्या खोलीत योगासनं करायला जाते, म्हणून घरचे हसायचे. पण वर्षभर माझं एक होऊन बसलं होतं. नवी पेठेच्या गर्दीत छाती धडधडायची आणि खरेदी अर्धवट टाकून मी पळत सुटायचे. त्या खोलीतही मी दाराजवळच चटई टाकायचे आणि रोज दहाव्या मिनिटाला बाहेर पडायचे.

तिथे एक बाई होटगीहून यायची. साठीची, ठसठशीत कुंकू, सलवारीचे पाय घोट्यावर दुमडलेले. घाम डोळ्यांत गेला तरी पुसायची नाही. मी कधी तिचं नाव विचारलं नाही.

एक दिवस तिने माझी चटई आत सरकवली आणि आपली दारात आडवी टाकली. सगळ्या पाठीवर पडलेल्या असताना मी सवयीने उठले. डोळे न उघडता ती म्हणाली, "जायचं तर मला वलांडून जा की. चक्कर आली तर सांग, मी हाय हितं."

आईच्या वयाच्या बाईला ओलांडायचं कसं? मी परत आडवी झाले. छाती खूप वेळ धडधडली आणि मग आपोआप शांत झाली. न पळताही धडधड थांबते, हे मला तेव्हा कळलं.

आता मी रोज शेवटपर्यंत असते. काल नवी पेठेत पाय पुन्हा मागे वळायला लागले, तेव्हा मनात ती माझ्यामागे भर रस्त्यात आडवी दिसली, डोळे मिटलेली. मी श्वास घेतला आणि दुकानाची पायरी चढले.

तिला ओलांडणं मला अजूनही जमत नाही.